कोंडू गुरवाच्या न पडणाऱ्या पाकळ्या

कल्याणला एका मयत वकिलाच्या चीजवस्तूंचा लिलाव निघाला, तेव्हा गावात काढायच्या वाचनालयासाठी पुस्तकं आणायला पंचांनी मला पाठवलं, ही पंचांची चूक. मी एक कुलूपबंद ट्रंक न उघडताच पसंत केली, ही माझी. पण ट्रंकेवर पांढऱ्या रंगानं ‘धर्म व इतिहास’ असं ठसठशीत लिहिलेलं होतं, आणि लिहिलेल्या अक्षरावर शाळामास्तरानं विश्वास ठेवायचा नाही तर कुणी ठेवायचा? मुरबाड ओलांडून टोकावड्याच्या रस्त्याला आमचं गाव. तिथवर ती ट्रंक बैलगाडीतून आली, गावदेवीच्या देवळात उतरली, नारळ फुटला, हळदकुंकू वाहिलं, आणि पाटलांनी पहिलं पुस्तक बाहेर काढलं. ते देव आहे की नाही या विषयावर होतं आणि लेखकाचा कल नसण्याकडे होता. दुसऱ्यात विलायतेतल्या लढाया होत्या, घरापेक्षा मोठ्या तोफांच्या चित्रांसकट. तिसऱ्यात निरनिराळ्या देशांतल्या रयतेनं आपापले राजे कसे घालवले त्याची हकिगत. चौथं होतं मनाच्या दुखण्यांवर. माणसाला न बांधता, न मारता, नुसतं बोलतं करून कसं बरं करावं ते सांगणारं. खाली आणखी डझनभर होती, सगळी याच चार घराण्यांतली.

ट्रंकेवरचा मजकूर तसा खोटा नव्हता. धर्म होता, पण शंकेसकट; इतिहास होता, पण दारूगोळ्यासकट. पाटलांनी मेलेला उंदीर शेपटीला धरून टाकावा तसं पुस्तक परत आत टाकलं आणि म्हणाले, “मास्तर, तुमी शाळेत तरी डोळे उघडे ठेवून बसता ना?” वाचनालय तिथंच बारगळलं. ट्रंक नगाऱ्याच्या खोलीत सरकवली गेली आणि नगाऱ्याची खोली ज्याच्या ताब्यात, त्या कोंडू गुरवाच्या गळ्यात पडली.

कोंडूच्या गळ्यात काहीही पडलं तरी तो नको म्हणत नसे, कारण नको म्हणायलाही अंगात त्राण लागतं. हा माणूस जन्माला आला तोच दमून आला असावा. उंच, हडकुळा, मानेपाशी वाकलेला. बसण्याआधी एक सुस्कारा, बसल्यावर दुसरा. पहाटे देवळातली घंटा वाजवायचा तीसुद्धा अशी, की जणू आत कुणीतरी गाढ झोपलंय आणि त्याला उठवणं आपल्या जिवावर आलंय. त्याची बायको कमळाबाई म्हणायची, “यांना स्वर्गात नेलं तरी पहिला टेकायला ओटा शोधतील.” यावर कोंडू म्हणायचा की ओटा असला तर बरंच.

तो मराठी चौथीपर्यंत शिकला होता आणि चातुर्मासात पोथी वाचायचा. त्यामुळे वाचन म्हणजे मोठ्यानं आणि सुरात, दुसरं वाचन त्याला ठाऊकच नव्हतं. दुपारच्या वेळी देवळात गारवा म्हणून चार म्हाताऱ्या येऊन वाती वळत बसत. त्यांच्यासमोर कोंडूनं लढायांचं पुस्तक काढलं आणि पोथीच्या चालीत सुरू केलं. घोडदळ चिखलात रुतलं, तोफा धडाडल्या, सेनापती तंबूत रडला. म्हाताऱ्या वाती वळता वळता मान डोलावत राहिल्या. मग राजाचं मुंडकं उडवलं त्या दिवशी एकीनं पदराला डोळे पुसले आणि उठताना पुस्तकासमोर मूठभर तांदूळ ठेवले. पुढं देव नसल्याचं पुस्तक लागलं. तेही त्याच चालीत चाललं. देवळातल्या मूर्ती माणसानं आपल्या भीतीतून घडवल्या आहेत, हे वाक्य कोंडूनं असं काही घोळवून म्हटलं, की चौघींनी हात जोडले. ऐकणारा हादरला असा एकच, वाचणारा.

मी शाळा सुटल्यावर देवळाच्या पायरीवर जाऊन बसायचो. कोंडू मला शंका विचारायचा आणि मग आम्ही दोघं रस्त्याकडे बघत बसायचो. बेचाळीस साली डोंगरात पोरं लपली आहेत म्हणून पोलीस गावोगाव झडत्या घेत फिरले, तेव्हा ट्रंकेतलं राज्यक्रांतीचं पुस्तक तेवढं उचलून घेऊन गेले. कोंडूचं ते निम्मंच वाचून झालं होतं. “राजा गेला तिथवर आलो होतो,” तो मला म्हणाला, “मागनं लोकांचं काय झालं, काय कळलं नाय.”

गुरवाचं खरं काम पूजेचं नव्हे, कौलाचं. गावात सोयरीक जुळवायची, विहीर खणायची, बैल विकायचा, तर आधी देवीला विचारायचं. देवीच्या शेंदरी दगडाला उजवीकडे एक आणि डावीकडे एक अशा दोन ओल्या पाकळ्या गुरवानं चिकटवायच्या आणि सगळ्यांनी वाट बघायची. उजवी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. कोंडूचा बाप, आणि पुढं कोंडूही, या पाकळ्या बोलता बोलता चिकटवून टाकायचा. कुठली ओली, कुठली कोरडी, देवी बघून घेईल. पण देव असण्याबद्दल कोंडूला शंका आली आणि पंचाईत झाली. देवी बघून घेणार नसेल तर पाकळी पडते ती गुरवाच्या बोटानं, हे त्याला उमगलं. तेव्हापासून तो दोन्ही पाकळ्या सारख्याच ओल्या करू लागला, सारख्याच जोरानं दाबू लागला, पक्षपात म्हणून राहू द्यायचा नाही असा त्यानं चंगच बांधला. परिणाम असा झाला की दोन्ही पाकळ्या दगडाला चिकटून जागच्या जागी वाळायला लागल्या.

गाव हवालदिल झालं. देवी रुसली असं ठरलं. तिला खण-नारळ झाले, कोंबडा झाला. देवी बोलेना. जोवर देव मानत होता तोवर निष्काळजी असलेला हा गुरव, देव मानेनासा झाल्यावर इतका कडक सोवळ्यात शिरला होता, आणि त्यापायी गावातल्या निम्म्या सोयरिकी लटकल्या होत्या.

बाकीचे लोक थोडे दिवस थांबून आपल्या मनाचं करून मोकळे झाले. सकुबाईला ते जमणारं नव्हतं. तिचा एकुलता एक मुलगा धर्मा लढाई सुरू झाली तेव्हा पलटणीत भरती झाला आणि मलायात गेला. तिथं सगळी फौज शत्रूच्या हाती लागली, आणि धर्मा बेपत्ता असल्याचं सरकारनं कळवलं. तो कागद मीच तिला वाचून दाखवला होता. लढाई संपली, पुढच्या वर्षी आसपासच्या गावांतले सुटलेले शिपाई घरी आले. कुणी लंगडत आला, कुणी वेड लागून आला. धर्मा आला नाही. मागं राहिली त्याची बायको काशी. लग्नानंतर सहा महिनेही तिचा संसार झाला नव्हता. टोकावड्याचा एक बिजवर, सज्जन माणूस, तिच्याशी पाट लावायला तयार होता. तो अक्षय्य तृतीयेपर्यंत थांबणार होता, पुढं नाही. पण पंचांचं म्हणणं असं, की नवरा गेल्याचा कौल देवीनं दिल्याशिवाय पाट लागायचा नाही. म्हणून दर मंगळवारी सासू-सुना देवळात यायच्या, सकुबाई विचारायची, धर्मा आहे का, आणि दोन पाकळ्या दगडावर बसून राहायच्या.

कौल होत नसे, पण सकुबाई हलतही नसे. सुनेला घरी धाडून ती खांबाला टेकून बसायची आणि धर्माबद्दल बोलायची. त्याला गोवर आला होता तेव्हाचं, त्यानं रानात अस्वल बघितलं तेव्हाचं, तो नाचणीची भाकरी दुधाशिवाय कसा खात नसे त्याचं. कोंडू खांबाच्या पलीकडे बसून ऐकायचा. हे तो मनाच्या दुखण्यांच्या पुस्तकावरून शिकला होता. त्यातला डॉक्टर रोग्याला आडवं निजवतो, आपण मागं नजरेआड बसतो आणि मधे तोंड घालत नाही. “मानूस हुशार,” कोंडू त्या डॉक्टरबद्दल म्हणाला, “मागं बसलं म्हंजे जांभई दिसत नाय.” पण मंगळवारी संध्याकाळी तो दिवसभर नांगराला जुंपल्यासारखा दिसे. रात्रंदिवस त्याच्या डोक्यात धर्मा असे. लढायांची सगळी पुस्तकं त्यानं पुन्हा काढली, कैदी झालेल्या फौजांचं काय होतं ते शोधायला. कुठं लिहिलं होतं की माणसं कित्येक वर्षांनी रानावनातून चालत घरी आली. कुठं लिहिलं होतं की आली नाहीत. पुस्तकंही दगडावरच्या पाकळ्यांसारखीच निघाली.

चैत्रात एका दुपारी काशी एकटीच देवळात आली. ती पायरीवर उभी राहूनच बोलली. मी तिथंच होतो, पण माझी तिला लाज वाटण्याची वेळ टळून गेली होती.

“मामा, डावी पाड रे एकदा. मला कोनाचं मरन नको. पन ते हायेत का नाय ते कळत नाय, आनि त्यापायी मी हाये का नाय तेपन कळत नाय.”

ती गेल्यावर मी कोंडूला समजावलं. समजावणं हा माझा धंदा. म्हटलं, तू देवी मानत नाहीस, मग अडलंय कुठं? एका पाकळीला जरा पाणी कमी लाव, पोरीचा जन्म मार्गी लागेल.

त्यानं माझ्याकडे असं बघितलं, की जणू मी अजून एकदा ट्रंक न उघडता घेऊन आलोय.

“मानत असतो तर केलं असतं मास्तर,” तो म्हणाला. “चुकलं तर देवीनं सांभाळून घेतलं असतं. आता कोन घेनार?”

पुढच्या मंगळवारी पंच जमले, कारण अक्षय्य तृतीया तोंडावर आली होती. बिजवराचा थोरला भाऊही टोकावड्याहून आला होता. कोंडूनं पाकळ्यांचं तबक हातात घेतलं, देवीपाशी गेला, आणि मग तबक खाली ठेवून सुस्कारा टाकून सकुबाईच्या समोर येऊन बसला. या खेपेला खांबाच्या मागं नाही, समोर. त्यानं हळूहळू, दमल्यासारखं, सगळं सांगून टाकलं. पाकळ्या पडत नाहीत कारण तो त्या पडू देत नाही. पडू दिल्या असत्या तरी त्याला काही अर्थ नसता. धर्मा आहे की नाही हे त्याला माहीत नाही, सरकारला माहीत नाही आणि या दगडालाही माहीत नाही.

पाटलांच्या कानाच्या पाळ्या लाल झालेल्या मला दिसल्या. कोंडूनं तिकडं लक्ष दिलं नाही.

“सकुबाय, तू आई. तुला काय वाटतंय ते सांग. आमी सगळे तेच धरून चालू.”

सकुबाई जमिनीवर सांडलेल्या अक्षता गोळा करू लागली. मग खाली बघूनच म्हणाली, “गेला तो. कवाच गेला. मला नाय का कळत?”

पाटलांनी विचारलं, मग इतकी वर्षं देवीच्या दारी कशाला खेपा घालत होतीस?

“ही पन गेली तर त्याचं नाव घरात कोनापाशी काढू? भिंतीपाशी?”

काशीनं तिच्या मांडीवर डोकं ठेवलं. सकुबाईनं ते दूर केलं नाही आणि कुरवाळलंही नाही, नुसता हात ठेवून बसली.

पाटील हे पाटील होते. देवी इतके दिवस पाकळीतून बोलली नाही ती आज आईच्या तोंडून बोलली, असं त्यांनी जाहीर केलं. कोंडू म्हणू लागला की देवी नव्हे, सकुबाई बोलली. पाटलांनी त्याला दटावलं, की कौल चालू असताना गुरवानं मधे बोलू नये. एवढी पुस्तकं वाचून त्यानं आयुष्यात एकदा नास्तिकपणा उघड केला, तर गावानं तो मनावरच घेतला नाही. काशीचा पाट लागला. टोकावड्याला निघताना ती सासूच्या पाया पडली, तशी कोंडूच्याही पडली, आणि कोंडू ओशाळून नगाऱ्याच्या खोलीत शिरला.

त्या दिवसापासून लोकांनी पाकळ्या आणणं जवळजवळ सोडलं. ते नुसतेच येतात, खांबाला टेकतात आणि बोलतात. कोंडू पलीकडे बसतो. सकुबाईचा मंगळवार तिचाच असतो, त्या दिवशी दुसरं कुणी आलं तर तो त्याला उद्या ये म्हणतो. पहाटे तीच घंटा, तशीच नाखुशीनं. कमळाबाई म्हणते, पूर्वी हे काही न करता दमायचे, आता निदान कारण तरी आहे.

काशी पहिल्या बाळाला घेऊन देवीच्या पाया पडायला आली त्या संध्याकाळी आम्ही पायरीवर बसलो होतो. सकुबाईनं त्या बाळाला मांडीवर घेतलं होतं आणि त्याला अस्वलाची गोष्ट सांगत होती. कोंडू ते बघत होता, पण चेहऱ्यावर समाधान म्हणावं असं काही नव्हतं. घाटाकडून मोटार आली, की प्रत्येक वेळी त्याची मान तिकडे वळायची. कोण उतरतंय ते बघून झालं की परत खाली. मला राहवलं नाही. मी विचारलं, “कोंडू, आता धर्मा आला तर?”

“मारील मला,” तो म्हणाला, “मारू दे, पन येऊ दे.”