ब्रेकसरांनी सौम्यता शिकायला घेतली

आवाज मोठा असणं हा काही गुन्हा नव्हे. पण ब्रेकसरांचा आवाज म्हणजे अख्ख्या गल्लीची सामायिक मालमत्ता होती. ते आपल्या घरात ‘चहा’ म्हणाले की समोरच्या घरातली बाई आधण ठेवायला उठते, असं त्यांची बायको सांगायची, आणि बायको काही थापा मारणारी नव्हती.

गाडी शिकवणं हा त्यांचा धंदा. उभा जन्म शिकाऊ माणसाच्या शेजारच्या सीटवर गेलेला. त्या सीटपुढे एक जादा ब्रेक बसवलेला असतो, शिकणारा चुकला की शिकवणाऱ्यानं दाबायचा. तो दाबून दाबून सरांच्या पायाला अशी काही खोड लागली की रविवारी उपासनेत पाळकसाहेबांचा उपदेश लांबला तरी बाकाखाली त्यांचा पाय आपोआप जमिनीवर दाबला जायचा. त्यावरून ‘ब्रेकसर’ हे नाव पडलं आणि बाप्तिस्म्याचं नाव चर्चच्या कपाटात धूळ खात राहिलं.

शिकवण्यात मात्र त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. त्यांच्याकडचा माणूस परीक्षेत पास व्हायचाच. फक्त तोवर त्याचं निम्मं रक्त आटलेलं असायचं. “अहो, क्लच आहे तो, पायपुसणं नाही!” हे तर रोजचंच. बँकेतल्या एका बड्या साहेबाला त्यांनी भर चौकात विचारलं होतं, “मागून येणारा ट्रक दिसत नाही तुम्हाला, आणि लोकांच्या सह्या तपासायला बसता?” साहेब बिचारे गाडीतून उतरून फुटपाथवर बसले आणि पाणी मागू लागले.

बाहेर हे खपून जातं हो. घरात नाही खपत. पोटच्या पोरीला गाडी शिकवायला घेतली, तर तिनं तिसऱ्याच दिवशी गाडी रस्त्यात उभी केली, पट्टा सोडला आणि सरळ चालत घरी आली. पुढे दुसऱ्याच कुणाकडे गुपचूप शिकून तिनं लायसन्स काढलं. सरांचं नाकच कापलं गेलं. पण नाक काय, पुन्हा वर करता येतं. खरा घाव पुढे बसायचा होता.

लेकीला मुलगा झाला. ती त्याला घेऊन पहिल्यांदा घरी आली, बाळाला पलंगावर ठेवून पिशवीतून काहीतरी काढायला वळली, आणि सर दारातून गरजले, “अगं कडेला काय ठेवतेस त्याला! डोळे फुटले का तुझे?” बाळ असं दचकलं की रडायचा आवाजही त्याच्या तोंडून लवकर फुटेना. लेकीनं त्याला उचललं, पिशवी उचलली. ती ओरडली नाही, हेच वाईट झालं. म्हणाली, “पप्पा, लहानपणी तुमची गाडी दारात आली की मी कपाटामागे जाऊन बसायचे. माझा मुलगा बसणार नाही. तुमचं ओरडणं सुटलं की सांगा, मग येऊ आम्ही.”

झालं. त्यानंतर नातू आला तो फक्त आजीच्या फोनमध्ये. सर चारचौघांत म्हणायचे, “पोरीचं डोकं फिरलंय.” पण बायको आंघोळीला गेली की तिचा फोन उचलायचे आणि त्या फोटोतलं नाक दोन बोटांनी मोठं करकरून बघत बसायचे. नाक त्यांच्यावरच गेलं होतं. बायको मुद्दाम आंघोळीला वेळ लावायची.

शेवटी पाळकसाहेबांनीच विषय काढला. “एक सिस्टर आहेत. ऑनलाइन साधनावर्ग घेतात. घरबसल्या, फोनवर. या खेपेचा विषय आहे सौम्यता.”

“मला गरज आहे असं वाटतं तुम्हाला?” सरांनी विचारलं. बोलले ते साधंच, पण चर्चच्या छपरावरची कबुतरं उडाली.

“साहेब, मी गाडी तुमच्याकडे शिकलोय,” पाळकसाहेब हात जोडून म्हणाले. “तेव्हा मी जितकी कळकळून प्रार्थना केली, तितकी पाळक व्हायच्या शिक्षणातसुद्धा केली नव्हती.”

घरात बसून वर्ग करणं शक्य नव्हतं, कारण स्वयंपाकघरातून बायकोच्या हसण्याचा आवाज यायचा. म्हणून सर दारासमोर उभ्या केलेल्या शिकवणीच्या गाडीत जाऊन बसू लागले. फोन समोर अडकवलेला, आणि स्वतः आपल्या नेहमीच्या, शेजारच्या सीटवर. स्टिअरिंगपुढची जागा रिकामी. तिथे प्रभू बसतो असं समजतो मी, असं त्यांनी बायकोला सांगितलं. बायको म्हणाली, “त्याला तरी नीट चालवू द्या.”

पहिल्याच दिवशी पडद्यावर चौकटीचौकटींतून चेहरे उगवले, मधोमध सिस्टर. सर लगेच कडाडले, “सिस्टर! आवाज! आवाज येत नाही तुमचा!” सगळ्यांनी कानातले हेडफोन उपटून काढले. सिस्टर हळूच म्हणाल्या, “सर, मी अजून बोलायला सुरुवात केलेली नाही.”

सिस्टरांचा स्वभाव म्हणजे साय. त्यांनी डोळे मिटायला सांगितलं, मनात एखादी शांत, मोकळी जागा शोधायला सांगितली. सगळे गुडूप झाले. एकटे सरच काही वेळानं हताश होऊन म्हणाले, “नाही सापडत हो. आत पार्किंग फुल्ल आहे.”

प्रत्येकाला एक प्रार्थनेचा जोडीदार मिळाला होता. सरांच्या वाट्याला आल्या एक निवृत्त हेडमास्तरीणबाई, ज्यांच्या जिभेनं दोन सुना घराबाहेर काढल्या होत्या. दोघं रोज संध्याकाळी एकमेकांना फोन करून हिशेब द्यायची.

“आज एकदाही ओरडलो नाही बाई.”

“खोटं बोलणं हे ओरडण्यापेक्षा मोठं पाप आहे, सर.”

“बरं, मग जेवणापर्यंत ओरडलो नाही.”

“जेवलात कधी?”

“आज जरा लवकरच जेवलो.”

सिस्टरांनी एक उपाय दिला होता. राग आला की तोंड मिटायचं, श्वास घ्यायचा आणि मनात म्हणायचं, ‘प्रभू, आधी तू बोल.’ सरांनी तो इमानेइतबारे केला. पण शिकणाऱ्यांची गाळण उडाली. चौकात गाडी बंद पडावी, मागून हॉर्नचा कल्लोळ व्हावा, आणि शेजारी ब्रेकसरांनी डोळे मिटून ओठ हलवावेत! एक बाई तर रडकुंडीला आल्या. “सर, प्रार्थना नका ना करू, माझं धाबं दणाणतं. त्यापेक्षा ओरडा हो!”

तरीही गडी हटला नाही. चिकाटी होती, आणि ती कशासाठी होती हे त्यांच्याशिवाय सगळ्यांना ठाऊक होतं. हळूहळू गल्लीला फरक जाणवू लागला. समोरची बाई एकदा विचारून गेली, “साहेबांना बरं नाही का?”

वर्गाचा शेवट एका दिवसाच्या ऑनलाइन प्रार्थना-शिबिरानं, रिट्रीटनं, व्हायचा होता. त्यात प्रत्येकानं आपली साक्ष द्यायची, म्हणजे आपल्यात देवानं काय बदल केला ते सांगायचं, आणि ऐकायला घरचं एक माणूस बोलवायचं. सरांनी बायकोकडून लेकीला निरोप धाडला. उत्तर आलं, “बघते.” तेवढ्या एका शब्दावर सरांनी चर्चचा कोट इस्त्री करून घेतला.

दुपारी कोट घालून सर गाडीत बसले. उकडत होतं म्हणून काच खाली केलेली. त्यांची पाळी आली तरी लेकीची चौकट काही उघडली नव्हती. त्यांचा चेहरा उतरला, पण बोलायला लागले. “मी एक तापट माणूस होतो. प्रभूच्या कृपेनं आता माझा राग...”

इतक्यात चौकट उघडली. लेक! तिचा चेहरा खालच्या बाजूनं दिसत होता, खांद्यावरून पट्टा गेलेला. मागच्या सीटवर, लहान मुलांच्या खुर्चीत, नातवाची टोपी. सरांचा जीव सुपाएवढा झाला. आणि पुढच्याच क्षणी त्यांच्या लक्षात आलं की लेकीच्या मागे झाडं पळताहेत. ती गाडी चालवत होती. गाडी चालवत होती, आणि हसून फोनमध्ये त्यांच्याकडे बघत होती.

सरांचा पाय खाडकन ब्रेकवर गेला. उभ्या गाडीच्या ब्रेकवर! छातीत तो ओळखीचा गडगडाट उठला, नरड्यापर्यंत आला. ओरडलो तर नातू गेला कायमचा, हे त्यांना कळत होतं. आणि ओरडलो तर पोर दचकेल, हात हलेल, हेही कळत होतं. प्रार्थना म्हणायलासुद्धा वेळ नव्हता.

“बाळा,” सर म्हणाले. सिस्टरांनीही वर बघितलं, इतका तो आवाज मऊ होता. “फोनकडे बघू नकोस. नुसतं ऐक माझं. मागच्या आरशात बघ बरं. कुणी आहे मागे?”

“टेम्पो आहे. का हो, पप्पा?”

“जाऊ दे त्याला पुढे. आपल्याला काही घाई नाही. आता इंडिकेटर दे. हां. पाय हळूच उचल... घे कडेला. अशी. झाली उभी?”

“झाली.”

“हँडब्रेक ओढ. इंजिन बंद कर. शाबास. आता एक मिनिट थांब हं, राजा.”

हेडमास्तरीणबाईंनी तोंडावर पदर दाबून धरला होता. सरांनी बोट पुढे केलं, फोनवर आपला आवाज बंद करायचं बटण दाबलं, बंद झाल्याची दोनदा खात्री केली, आणि मग त्यांचा बांध फुटला.

पडद्यावरच्या मंडळींना ते नुसतंच दिसलं. कोटातला एक माणूस, तोंड आ वासलेलं, कपाळाच्या शिरा तट्ट, मुठी डॅशबोर्डवर, आणि आवाज मात्र टाचणी पडल्याइतकाही नाही. हेडमास्तरीणबाई ओठांवरून शब्द वाचायचा प्रयत्न करत होत्या आणि मधेच त्यांनी लाजून मान वळवली. सिस्टर म्हणाल्या, “करू द्या त्यांना.”

फोन मुका झाला होता. गल्ली काही बहिरी नव्हती. लेकीनं गाडी उभी केली होती ती नेमकी त्याच गल्लीच्या कोपऱ्यावर. ती बापाकडेच यायला निघाली होती. बाळ उशिरा उठलं, उशीर झाला, आणि साक्ष चुकू नये म्हणून तिनं फोन समोर लावला होता. आता फोनमधले पप्पा गप्प झाले, आणि खिडकीतून खरे पप्पा ऐकू येऊ लागले.

“अगं गाढवे! अक्कल गहाण टाकलीस का? लेकरू मागे, नि डोळे फोनमध्ये?”

तेच शब्द. कपाटामागे बसून ऐकलेले. लेकीचा हात परत किल्लीवर गेला. आल्या पावली परत जायचं तिनं ठरवलंसुद्धा. आणि तेवढ्यात त्या आवाजाला तडा गेला.

“तुला काही झालं असतं म्हणजे? मी काय केलं असतं गं! देवा, मी इथे बसून ब्रेक दाबतोय आणि पोर तिथे! माझा पाय पोचत नाही रे देवा! पाय पोचत नाही माझा तिच्यापर्यंत!”

आणि मग नुसतं रडणं. मोठ्या आवाजाच्या माणसाचं रडणंही मोठंच असतं. समोरची बाई धावत गॅलरीत आली. लेक किल्लीवर हात ठेवून तशीच बसून राहिली. आपल्या बापाला रडता येतं, हे तिला आजवर माहीतच नव्हतं.

थोड्या वेळानं सरांनी कोटाच्या बाहीनं तोंड पुसलं आणि बटण पुन्हा दाबलं. “हं, बोल बाळा. शांत आहे मी एकदम.” पण लेकीच्या चौकटीत रिकामी सीट होती. शेजारच्या दारावर कुणीतरी टकटक केलं. लेक उभी होती, कडेवर नातू.

“तू... तू इथे?”

“सगळं ऐकलं मी, पप्पा.”

सरांचा चेहरा पांढराफटक पडला. संपलं सगळं. “मी बटण दाबलं होतं गं,” ते चाचरत म्हणाले. “खरंच. विचार हवं तर सिस्टरांना. दोनदा बघून घेतलं होतं.”

“मला वाटायचं, तुम्हाला माझा राग येतो,” लेक म्हणाली. “जन्मभर हेच वाटत आलं. तुम्ही तर घाबरता, पप्पा.”

“मी? मी कुणाच्या बापाला घाबरत नाही!”

बाळानं डोळे विस्फारले. खालचा ओठ थरथरायला लागला. फोनमधल्या सगळ्या चौकटींनी श्वास रोखून धरला. सरांनी दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबलं, आणि हात काढले तेव्हा त्यांचा आवाज जेमतेम तिच्यापर्यंत पोचला.

“घाबरतो. तू पहिलं पाऊल टाकलंस ना, त्या दिवसापासून घाबरतो.”

लेकीनं गाडीचं दार उघडलं, वाकली, आणि बाळाला त्यांच्या मांडीवर ठेवलं. बाळानं पहिल्याप्रथम आजोबांचं नाक धरलं. ब्रेकसरांनी दोन्ही हातांनी त्याला कवटाळलं आणि कोटात तोंड लपवून पुन्हा हुंदके द्यायला लागले, अगदी आवाज न करता.

“अहो पप्पा, जरा सैल धरा त्याला,” लेक डोळे पुसत म्हणाली. “कुठे पळून जात नाहीये तो आता.”