मल्लूसाठी मी दिलेले नऊ खोटे रिपोर्ट

फौजी घरी आला की तुम्ही त्याला पहिला प्रश्न कोणता विचारता?

मला विचारलेला सांगतो. होटगी स्टेशनबाहेरच्या चहाच्या टपरीवर, पाठीवरची सॅक उतरायच्या आत: "काय शमूभाऊ, किती टिपले?" सगळे हसले. मीही हसलो. जिवंत किती उरले, ते कसे उरले, हे कुणी विचारलं नाही. म्हणून न विचारताच सांगतो.

मी शमुवेल गायकवाड, माजी लान्स नाईक, इन्फन्ट्री. वडील रेल्वेत ट्रॅकमन होते. माझी आठ वर्षं नोकरी झाली. शेवटची पोस्टिंग काश्मीरमधल्या एका डोंगरी पोस्टवर. सेक्शनमध्ये दक्षिण सोलापूरचे आम्ही तिघं. सेक्शन कमांडर हवालदार भगवान शिंदे मंद्रूपचे. त्यांना आम्ही उस्ताद म्हणायचो. शिपाई मल्लिनाथ बिराजदार वळसंगचा. सेक्शनची मशीनगन, म्हणजे एलएमजी, त्याच्याकडे. मी त्याचा बडी. फौजेत प्रत्येक जवानाला बडी असतो. दोघं एका ताटात जेवतात, शेजारी झोपतात. आमच्या कंपनीत रोज संध्याकाळी रोल कॉलला सुभेदार साहेब विचारायचे, "बडी ठीक?" आपण आपल्या जोडीदाराबद्दल म्हणायचं, "ठीक, साब."

रविवारी मंदिर परेड असे. पत्र्याची एक खोली, एकाच भिंतीला ओळीनं सगळे देव. आरती झाली की सुभेदार साहेब म्हणत, "गायकवाड, अब तुम्हारा." कंपनीत ख्रिस्ती मी एकटाच. मी उभा राहून शुभवर्तमानातला एक भाग वाचायचो, डेली ऑर्डर वाचावी तसा. श्रद्धा नव्हती. ड्युटी होती.

"शमू," मल्लू म्हणायचा, "तू तुज्या देवाला बी सावधान-विश्राम करायला लावतोस की रं."

एका गुरुवारी पहाटे चार वाजता आम्ही एका गावाला वेढा घातला. सहा वाजून दहा मिनिटांनी एका दुमजली घरातून फायर आला. मल्लूच्या फायरच्या आडोशानं अंगण ओलांडून दारापाशी जायचं होतं. उस्ताद उठले. "मल्ल्या, फायर!"

एलएमजीचे तीन बर्स्ट गेले. चौथ्याला गन अडली.

अडलेली गन मोकळी करण्याची ड्रिल असते. मल्लूनं ती बिनचूक केली. पंधरा सेकंद लागले. तेवढ्यात वरच्या खिडकीतून एक बर्स्ट आला आणि उस्ताद अंगणात कोसळले. गोळी मानेतून गेली होती. मी पट्ट्याला धरून त्यांना भिंतीमागे ओढलं. दोन्ही हातांनी जखम दाबली, तरी रक्त बोटांच्या फटींतून येत राहिलं. माझी बाही कोपरापर्यंत भिजली. ते काहीतरी सांगत होते. तोंडातून शब्दाऐवजी रक्त आलं. सहा अठराला ते गेले.

आम्ही खिडकीतून ग्रेनेड टाकले. वरचा मजला खाली आला. एक जण पेटलेल्या कपड्यांनिशी फायर करत बाहेर धावला. दहा पावलांवरून मी त्याला गोळी घातली. दुसरा आतच मेला. टपरीवरच्या प्रश्नाचं उत्तर एक आहे. त्याच्या केसांचा जळका वास अजून माझ्या नाकात आहे. आता हसा.

रेडिओवर मी रिपोर्ट दिला. "दो दुश्मन खत्म. एक अपना. ओव्हर."

"अपना कौन?"

"हवालदार शिंदे."



चौकशी झाली. गनचा एक भाग तुटला होता. मल्लूचा दोष नाही, असा लेखी निष्कर्ष आला. मल्लूला तो पटला नाही. त्याचं जेवण सुटलं. दुरुस्त होऊन आलेली गन तो दिवसातून चार वेळा खोलून पुसायचा. सहाव्या दिवशी त्यानं आपलं घड्याळ माझ्या मनगटावर बांधलं. "ऱ्हाऊ दे तुला. मला काय करायचंय आता?"

मला कळलं होतं. नाही कळलं असं म्हणालो तर तो दहावा खोटा रिपोर्ट होईल.

कारण त्या नऊ संध्याकाळी साहेबांनी विचारलं, "बडी ठीक?" आणि मी म्हणालो, "ठीक, साब." का? मनाच्या डॉक्टरकडे पाठवलेल्या जवानाला आमच्यात 'मेंटल केस' म्हणत. त्याचं हत्यार काढून घेत, बढती थांबे, लंगरमध्ये जेवताना टवाळी होई. मल्लू माझ्या मुलखाचा. मी त्याची इज्जत वाचवत होतो. इज्जत! माणूस मरत होता आणि मी त्याच्या इज्जतीवर पहारा देत होतो.

दहावा दिवस रविवार. सकाळी परेडला मी नेहमीसारखं वाचलं. दुपारी तीन चाळीसला मी रेडिओ सेटवर होतो. मल्लू वर तीन नंबरच्या मोर्चावर, वाळूच्या पोत्यांच्या आडोशात, पहाऱ्याला होता.

"पोस्ट थ्री, रिपोर्ट माय सिग्नल, ओव्हर."

उत्तर नाही. दुसऱ्यांदाही नाही. तिसऱ्यांदा आवाज आला, कॉल साइनशिवाय. "शमू, वर येऊ नगंस."

मी पळालो. मागून सुभेदार साहेब. मोर्चाच्या वळणावर गोळी सुटली. माझ्या कानाजवळचं वाळूचं पोतं फुटलं, डोळ्यांत वाळू गेली.

"म्हनलं न्हवतं व्हय, येऊ नगंस म्हणून!"

डोळे पुसून पाहिलं तर रायफलची नळी आता माझ्यावर नव्हती. त्याच्याकडेच वळलेली होती. मी चार पावलांवर चिखलात गुडघ्यांवर बसलो. हातानं साहेबांना मागेच थांबवलं.

"मल्लू, मरायचंय का तुला?" दहा दिवसांत पहिल्यांदा मी हे विचारलं.

"व्हय." लगेच म्हणाला. जणू कुणीतरी विचारायचीच वाट बघत होता.

"कवापासनं?"

"उस्ताद पडल्यापासनं. तुला म्हाईत न्हाय व्हय? रोज ठीक ठीक वरडत हुतास की."

"म्हाईत हुतं," मी म्हणालो.

"सकाळी वाचलास ते खरं हाय, का निस्तं वाचलास?"

सकाळी मी बागेतल्या रात्रीचा भाग वाचला होता. उद्या मरण आहे हे ख्रिस्ताला ठाऊक आहे. तो तीन मित्रांना सोबत घेतो. माझा जीव दुःखानं मरणाला टेकलाय, इथं माझ्याजवळ जागे राहा, असं त्यांना सांगतो. मित्र झोपी जातात.

"खरं हाय," मी म्हणालो.

"देव असून बोलला तसं? दुसऱ्यांम्होरं?"

"व्हय. तिघांम्होरं."

"आन् ती झोपली."

"झोपली."

"तुज्यावानी."

"व्हय. माज्यावानी."

शेकडो रविवारी वाचलेलं मला त्या चिखलात पहिल्यांदा ऐकू आलं. ख्रिस्तानं 'ठीक' असा रिपोर्ट दिला नव्हता. भीती वाटते, सोबत हवी, असं त्यानं मित्रांना तोंडानं सांगितलं. देवाला हे सांगताना कमीपणा वाटला नाही. मग वळसंगच्या एका शिपायाची रँक त्याच्याहून मोठी होती का?

"धा दिस झोपलो, मल्लू. आता जागा हाय मी. रायफल दे."

त्याचा हात हलला. देण्यासाठी की कशासाठी, ते मला आजही माहीत नाही. मी झेप घेतली. त्याच्या कोपरानं माझा पुढचा दात तुटला. मी त्याच्या मनगटाला चावलो. गोळी सुटली आणि माझ्या डाव्या तळव्यातून आरपार गेली. आम्ही लोळत मोर्चाच्या भिंतीवर आदळलो. मी त्याच्या छातीवर बसलो. माझं रक्त त्याच्या तोंडावर पडत होतं. साहेबांनी रायफल लाथेनं खाली उडवली. मल्लू गुरासारखा ओरडत होता, कानडीत आईला हाका मारत, "अव्वा! अव्वा!" मी चांगला हात त्याच्या डोक्याखाली घातला आणि प्रार्थना केली. कागद नव्हता. वाक्यं जुळत नव्हती. "येशू, ह्याला सोडू नको," एवढंच पुन्हा पुन्हा.

चौकशीत मी लिहून दिलं: नऊ दिवस खोटा रिपोर्ट दिला. शिक्षा मिळाली, योग्यच मिळाली. हाताची दोन बोटं वळेनात, म्हणून मेडिकल बोर्डानं घरी पाठवलं. मल्लू कित्येक महिने मिलिटरी हॉस्पिटलात होता. डॉक्टर, गोळ्या, रोजचं बोलणं. हे मुद्दाम लिहितो, कारण प्रार्थना कर आणि गोळ्या फेकून दे, असं सांगणारे आमच्या चर्चच्या मंडळीतही आहेत. ते खोटं बोलतात. मग ते वेदीवर उभे राहून बोलोत. मल्लू गोळ्या घेऊनच प्रार्थनेपर्यंत पोहोचला, आणि मी जखमेवरची पट्टी बदलून घेत घेत.

आता तो वळसंगला शेती करतो. गळ्यात लिंगायतांचं इष्टलिंग तसंच आहे. कधी रविवारी मोटारसायकल काढून होटगीला येतो आणि चर्चच्या शेवटच्या बाकावर बसतो. पाळकांनी एकदा विचारलं, "बिराजदार, तुम्ही इथं कसे?"

"तुमचा देव बी घाबरलाता की," तो म्हणाला. "त्येला माजं कळतंय."

फौजेतून दोघं घरी आल्यावर पहिल्या वर्षी आम्ही मंद्रूपला उस्तादांच्या स्मारकावर गेलो. मल्लू गाडीवरून उतरेना. उस्तादांच्या पत्नी, सुशीलावहिनी, हार घेऊन रस्त्यापर्यंत आल्या.

"वैनी," मल्लू खाली बघत म्हणाला, "माजी गन अडकली हुती."

"कागद आलाय मला. वाचलाय मी. यंत्र मोडलं. माणसानं मोडायचं न्हाय. ह्या दगडावर आमच्या घरातलं एक नाव हाय, त्येच लई झालं. दुसऱ्याला मी जागा दिनार न्हाय. उतर."

तो उतरला. हार त्यानंच घातला.

हवालदार भगवान तुकाराम शिंदे. बुटके, आवाज मात्र डोंगर हलवणारा. नव्या जवानाचे भिजलेले मोजे स्वतःच्या पोटाशी ठेवून वाळवायचे. चढावर सगळ्यांत पुढे आणि लंगरच्या रांगेत सगळ्यांत मागे. अंगणात ते माझ्याआधी उठले, म्हणून मी आहे.

आता तुमच्याकडे मागणं आहे. हे वाचताना एक चेहरा तुमच्या डोळ्यांपुढे आला असेल: गप्प झालेला, आपल्या वस्तू वाटून टाकणारा, ठीक आहे म्हणणारा. आजच त्याच्याकडे जा. उपदेश करू नका. त्याला सरळ विचारा, मरावंसं वाटतं का. विचारल्यानं कुणी मरत नाही. व्हय म्हणाला तर त्याला एकटं सोडू नका. जिवाला धोका होईल असं काही त्याच्या हाताशी ठेवू नका. त्याच्यासोबत डॉक्टरकडे जा आणि बाहेरच्या बाकावर त्याचा नंबर येईपर्यंत बसा. आणि तो चेहरा तुमचाच असेल, तर घरातल्या, शेजारच्या, चर्चमधल्या, कुणाही एका माणसाला हाक मारा आणि मोठ्यानं सांगा: मी ठीक नाही, माझ्याजवळ बस.