गोडाऊनमधली जादा खोकी

दुबईतल्या एका विद्यापीठात मी ऑडिट शिकवतो. दर वर्षी एका टर्ममध्ये एक सकाळ मी विद्यार्थ्यांना वर्गाबाहेर नेत असे. जबल अलीत खाद्यपदार्थ आयात करणाऱ्या एका कंपनीचं गोडाऊन होतं. तिथे आम्ही माल मोजायचो. कंपनीची परवानगी माझ्या ओळखीने मिळाली होती आणि गोडाऊनच्या स्टोअरकीपरमुळे ती टिकली होती.

मोजणी दोन बाजूंनी करायची असते. आधी कंपनीची यादी हातात घेऊन रॅककडे जायचं आणि लिहिलेला माल खरोखर आहे का ते बघायचं. मग उलट. रॅकवरचं कुठलंही खोकं निवडायचं आणि ते यादीत सापडतं का ते बघायचं. पहिल्या पद्धतीत नसलेला माल कळतो, दुसरीत न लिहिलेला. विद्यार्थ्यांना पहिली आवडते, कारण चोरी पकडल्यासारखं वाटतं. दुसरीचा त्यांना कंटाळा येतो. माझं संशोधनही पहिल्या प्रकारावरच आहे.

स्टोअरकीपर रत्नागिरीजवळच्या खाडीकाठच्या एका गावचे. वय छप्पन्न, त्याच गोडाऊनमध्ये एकोणीस वर्षं. कंपनीत सगळे त्यांना चाचा म्हणत, माझे विद्यार्थी अंकल म्हणत. मी भाई म्हणायचो. मराठी बोलणारा माणूस मिळाला की त्यांना बरं वाटे. बसमधून उतरणाऱ्या विद्यार्थ्यांना ते पाण्याच्या बाटल्या देत आणि फोर्कलिफ्टपासून लांब उभं करत.

"सर, दर वर्षी मोजून मोजून माझा माल झिजवाल तुम्ही," असं ते म्हणत.

एका वर्षी, मोजणी सुरू व्हायच्या आधी, मी फसवणुकीच्या धोक्याच्या खुणा सांगत होतो. त्यातली एक खूण पुस्तकात हमखास असते: कधीच रजा न घेणारा कर्मचारी. जो माणूस काही लपवतो त्याला खुर्ची सोडता येत नाही, कारण दुसरा कोणी बसला की ते उघडं पडतं. मी भाईंना विचारलं, गावी जाऊन किती वर्षं झाली?

"पाच. रजेचा पगार नि तिकिटाचे पैसे घेतो आणि इथंच राहतो. पोरगी फार्मसीला आहे, सर."

ही पद्धत इथे नवी नाही. अनेक जण तसं करतात आणि अनेक कंपन्या करू देतात. मी विद्यार्थ्यांकडे वळून म्हणालो, "म्हणजे आपल्या पुस्तकाप्रमाणे इथले पहिले संशयित हेच."

सगळे हसले. भाईही हसले. "टाका मग आत. तिथं एसी तरी असेल," ते म्हणाले.

त्याच दिवशी एका गटाला दूध पावडरची अकरा खोकी यादीपेक्षा जास्त सापडली. त्यांनी तीन वेळा मोजली. मी भाईंना विचारलं. ते म्हणाले, "काल कंटेनर आला त्यातली आहेत. एन्ट्री व्हायचीय." मी विद्यार्थ्यांना तसंच लिहायला सांगितलं आणि कागदावर सही केली. अशा वेळी कंटेनरचे कागद मागायचे असतात. हे मी दर टर्मला शिकवतो. त्या दिवशी मागितले नाहीत, कारण बस साडेबाराला निघणार होती.

त्याआधीच्या वर्षी टोमॅटो पेस्टची सात खोकी जास्त निघाली होती, त्यानंतरच्या वर्षी चौदा. उत्तर दर वेळी तेच होतं आणि माझी सहीही. हे कागद माझ्या कपाटात राहिले, कारण नवखे लोक मोजणीतल्या छोट्या फरकांची नोंद कशी करतात यावर मी एक शोधनिबंध लिहीत होतो. निबंधात मी फक्त कमी निघालेला माल घेतला. जास्त निघालेला सोडून दिला. जास्त माल म्हणजे चोरी नव्हे, असं माझ्या टिपणात लिहिलेलं आहे.

अकरा खोकी मोजणाऱ्या गटात एक मुलगी होती. शारजात वाढलेली, घरी मराठी, बाहेर इंग्रजी. वर्गात हुशार. पदवीनंतर वर्षभराने तिला त्याच कंपनीच्या अंतर्गत ऑडिट विभागात नोकरी लागली. काही महिन्यांनी तिने फोन केला.

"सर, गेस व्हॉट. मी तुमचा रूल वापरला."

तिने रजा न घेतलेल्यांची यादी काढली होती. पहिलं नाव भाईंचं होतं. कंपनीने त्यांना तीन आठवड्यांची सक्तीची रजा दिली. त्यांनी नको म्हटलं, पैसे द्या म्हटलं, मग निमूटपणे गेले.

"आणि सर, इट वर्क्ड. दुसऱ्याच आठवड्यात."

झालं ते असं. केरळचा एक ड्रायव्हर दुकानात माल उतरवून परत आला. दोन खोकी कमी भरली होती. त्याने बदली स्टोअरकीपरला सहज सांगितलं, चाचांच्या मालातून दोन दे. चाचांचा माल म्हणजे काय, हे बदली माणसाला माहीत नव्हतं. त्याने वर विचारलं. मोजणी झाली आणि नऊ खोकी जादा सापडली, कुठल्याच यादीत नसलेली.

परदेशातून येणाऱ्या कंटेनरमध्ये कधी कधी बिलापेक्षा दोन-चार खोकी जास्त येतात. भाई ती नोंदवत नसत, मागच्या रॅकवर ठेवून देत. दुकानात माल कमी भरला की ड्रायव्हरच्या पगारातून कटिंग होतं. दूध पावडरचं एक खोकं म्हणजे दोनशे दिरहम, म्हणजे आपले पावणेपाच हजार. चूक कधी ड्रायव्हरची असते, कधी लोडिंगवाल्याची, कधी दुकानदाराची. कटिंग ड्रायव्हरचंच. भाई त्या जादा खोक्यांतून भर घालत आणि प्रकरण कागदावर येतच नसे. रजेवर न जाण्याचं कारण मुलीची फी हे होतंच. हे दुसरं कारण होतं.

"पण त्यांनी स्वतः काही घेतलं?" मी विचारलं.

"नाही सर. वी चेक्ड. एक डबापण नाही."

"मग?"

"मग काय, सर. अनरेकॉर्डेड स्टॉक आहे. तुम्हीच शिकवलंत."

तिचं बरोबर होतं. यादीबाहेर माल ठेवणं म्हणजे नोंदी खोट्या ठेवणं. त्यामागचा हेतू त्या व्याख्येत येत नाही.

दोन दिवसांनी भाईंचा गावाहून फोन आला. सात वर्षांत पहिल्यांदा ते घरी होते आणि घरच्यांना काही सांगितलं नव्हतं. पार्श्वभूमीला मिक्सर चालू होता. ते अंगणात गेले असावेत, मग आवाज स्वच्छ आला.

"सर, चौकशी लावलीय. वॉर्निंग द्यायची का काढायचं, पुढच्या आठवड्यात ठरणार. पोरीची दोन वर्षं राहिलीत. या वयात मला दुसरा व्हिसा कोण देणार?"

मी विचारलं, मी काय करू शकतो?

"ऑडिटच्या मोठ्या साहेबांना तुम्ही ओळखता. एक फोन करा. सांगा, इतकी वर्षं बघतोय, माणूस तसा नाही. तुमचा शब्द चालतो तिथं."

मी म्हणालो, "भाई, शब्दाला किंमत नसते. माझ्याकडे कागद आहेत. तीन वर्षांच्या मोजण्या आहेत. जादा माल रॅकवर उघडा होता, मुलांना दिसला, तुम्ही लपवला नाहीत, हे त्यातून सिद्ध होतं."

"कागद कशाला, सर? तुम्ही फोन करा फक्त."

तोंडी पुराव्यापेक्षा लेखी पुरावा वरचा, आणि कंपनीबाहेरच्या माणसाने तयार केलेला लेखी पुरावा त्याहून वरचा. हा क्रम मी इतकी वर्षं फळ्यावर लिहीत आलो आहे. मी फोन केला नाही. तीन कागद स्कॅन केले, सोबत अर्ध्या पानाचं पत्र लिहिलं आणि ऑडिट प्रमुखांना ई-मेलने पाठवलं. पत्रात स्टोअरकीपरच्या सचोटीबद्दल एक वाक्य होतं. बाकी पत्र पुराव्याबद्दल होतं.

तिसऱ्या दिवशी त्या मुलीचा फोन आला. या वेळी ती हळू बोलत होती.

"सर, पाठवायच्या आधी मला विचारायचं ना."

"काय झालं?"

"त्यांनी वॉर्निंग लेटर ड्राफ्ट केलं होतं. फर्स्ट इन्सिडंट म्हणून. मीच तसं लिहिलं होतं रिपोर्टमध्ये. आता तुमच्या शीट्स आल्या. तीन वर्षं, सर. फर्स्ट इन्सिडंट राहिलं नाही."

मी स्कॅन केलेले कागद पुन्हा उघडले.

"आणि प्रत्येक शीटवर लिहिलंय, कालचा कंटेनर. त्यांनी गेट रजिस्टर काढलं. तिन्हीपैकी दोनदा आदल्या दिवशी कंटेनरच आला नव्हता. म्हणजे अंकल आउटसायडर्सशी खोटं बोलले. हे आमच्या पॉलिसीत वेगळं कलम आहे."

"सांगताना ते हसत होते," मी म्हणालो. "आम्हा सगळ्यांना..." पुढे काय म्हणायचं होतं ते आता आठवत नाही.

"ते शीटवर नाहीये ना, सर," ती म्हणाली. मग म्हणाली, "शीटवर माझंपण अक्षर आहे. मी तेव्हा काही विचारलं नाही. आय जस्ट रोट इट डाउन."

भाई परत आले ते थेट चौकशीला. बैठक पंचवीस मिनिटं चालली. त्यांना काढलं. कंपनीने हिशेबाचे पैसे दिले आणि व्हिसा रद्द केला. एकोणीस वर्षांचं सामान लेबर कॅम्पमधल्या एका लोखंडी कपाटात होतं. ते दोन बॅगांत मावलं.

मुंबईचं विमान शारजाहून दुपारी होतं. मी त्यांना न्यायला जबल अलीला गेलो. माझं घर शारजात असल्याने तो रस्ता माझ्या रोजच्या सवयीचा आहे. दुपारी बारालाही गाड्या मुंगीच्या पावलाने चालल्या होत्या. भाई पुढच्या सीटवर बसले होते, मांडीवर एक प्लॅस्टिकची पिशवी. ड्रायव्हरांनी वर्गणी काढून दिलेलं घड्याळ त्यात होतं. ते त्यांनी मला दाखवलं आणि परत खोक्यात ठेवलं.

मी सांगायला सुरुवात केली. "भाई, ते कागद..."

"बैठकीत दाखवले मला," ते म्हणाले. "पोरांचं अक्षर ओळखलं मी. खाली तुमची सही."

"मला वाटलं होतं, त्याने तुमची बाजू..."

"हां."

गाडी दोन-तीन किलोमीटर पुढे सरकली. मग ते समोर बघत म्हणाले, "मी बोललो होतो, फोन करा."

विमानतळावर बॅगा काट्यावर ठेवल्या. एक सव्वादोन किलोने जास्त भरली. काउंटरवरच्या माणसाने काढा म्हटलं. भाईंनी साबणाच्या वड्या आणि दोन चादरी काढून माझ्या हातात दिल्या. "तुम्ही वापरा, सर," म्हणाले. त्यांनी सलाम केला आणि ते रांगेत गेले.

कंपनीने विद्यापीठाला कळवलं की यापुढे विद्यार्थ्यांच्या भेटींना परवानगी नाही. कारण दिलं नाही. माझ्या सहीबद्दल मला कोणी काही विचारलं नाही, कंपनीनेही नाही आणि विद्यापीठानेही नाही. शोधनिबंध छापून आला. त्यात जादा मालाचा उल्लेख नाही. आता मोजणी आम्ही वर्गात, छायाचित्रांवरून करतो.

भाईंसाठी मी इथल्या चार जणांशी बोललो. सगळ्यांनी पहिला प्रश्न तोच विचारला, आधीची नोकरी का सुटली? मी खरं कारण सांगितलं, पूर्ण, क्रमाने. चौघांनीही बघतो म्हटलं. पुन्हा कोणाचा फोन आला नाही.

आठ महिन्यांनी मी त्यांना फोन लावला. ते रत्नागिरीत एका हार्डवेअरच्या दुकानात काम करतात. मुलीचं तिसरं वर्ष झालं. चौथ्याची फी भरलेली नाही. ती सध्या एका मेडिकलमध्ये बसते, पुढच्या वर्षी बघू म्हणते. हे त्यांनी मी विचारलं म्हणून सांगितलं, तक्रारीच्या सुरात नाही.

मी म्हणालो, "भाई, तिच्या चौथ्या वर्षाची फी मी भरतो."

ते हसले. गोडाऊनमध्ये हसायचे तसंच.

"नको, सर. त्याचापण कागद ठेवाल तुम्ही."

मी म्हणालो, नाही ठेवणार. दुकानात कोणीतरी खिळ्यांचा भाव विचारत होतं. त्यांनी त्याला भाव सांगितला, मला म्हणाले, "गिऱ्हाईक आहे, सर," आणि फोन ठेवला.