तीन रविवार आणि एक ओला ढोल

खोटं अगदी साधं होतं. बुधवारी संध्याकाळी बाबांना सूप भरवता भरवता ती वहिनीला म्हणाली, "ग्रंथालयाच्या तळघरात पाणी शिरलंय. जुनी पुस्तकं भिजलीत. पुढचे चार रविवार यावं लागेल म्हणतायत."

वहिनी शिलाई मशीनवर वाकली होती. तोंडातल्या टाचण्या काढून तिनं एकेक करून उशीत खोचल्या आणि म्हणाली, "मग जा की, ताई. पुस्तकं काय वार बघून भिजतात?"

झालं. इतक्या सहज काम होईल असं तिला वाटलं नव्हतं. वहिनीनं थोडी तरी कुरकुर केली असती, तर बरं झालं असतं.

ती ग्रंथालयात पुस्तकबांधणीचं काम करायची. निखळलेली पानं शिवायची, पुठ्ठे बदलायची, कण्यावर नवं कापड चढवायची. बोटांना कायम खळीचा वास, म्हणून वरच्या मजल्यावरची मंडळी तिला 'खळबाई' म्हणत. वय सेहेचाळीस. लग्नाचं कुणी विचारलंच तर "राहून गेलं" म्हणायची, छत्री बसमध्ये राहून गेल्यासारखं. तीन खोल्यांच्या घरात चौघं जण. बाबा, ती, धाकटा भाऊ आणि वहिनी. बाबांनी जन्मभर बस चालवली होती. दोन वर्षांपूर्वी झटका आला, त्यात उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. भाऊ लांब पल्ल्याच्या ट्रकवर, आठवड्यातले चार-पाच दिवस बाहेरच. त्यामुळे बाबांचं सगळं दोघींवर होतं. सकाळ-संध्याकाळ हिची, सोमवार ते शनिवार दिवसभर वहिनीची, आणि रविवार अख्खा हिचा. रविवारी वहिनीला हाक मारायची नाही, असं ठरलेलं होतं. वहिनी त्या दिवशी फार काही करायची असं नाही. दार लोटून पडून राहायची. पण ते दार लोटलेलं असणं हेच तिचं सुख होतं.

तेच सुख नणंदेनं काढून घेतलं, आणि कशासाठी, तर ढोलासाठी.

त्याचं असं झालं. एका सकाळी बाबांना कुशीवर वळवून ती त्यांची पाठ पुसत होती. राग नव्हता, त्रागा नव्हता. आणि मनात स्वच्छ शब्दांत आलं, 'सुटले तर बरं.' पाठोपाठ कळलं की हे आपण बाबांच्या सुटकेसाठी म्हटलेलं नाही. हात थांबला नाही, पाठ पुसून झाली, पावडर लावून झाली. पण त्या दिवशी कामावर तिनं एका पुस्तकाची पानं चक्क उलटी शिवली. बावीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. दुपारी चहाला वर गेली तेव्हा सूचनाफलकावर हातानं लिहिलेला कागद दिसला. 'स्वतःचा ढोल स्वतः घडवा. चार रविवार स्वतःसाठी.' खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं की, दूरच्या बर्फाळ मुलखातले शामान, म्हणजे तिथले वैदू, असा ढोल वाजवून आजारी माणसाचं हरवलेलं मन शोधून आणतात. तिला हसू आलं. मग तिनं इकडेतिकडे पाहिलं आणि पत्ता लिहून घेतला.

वर्ग एका बंद पडलेल्या सुतारखान्यात भरायचा. शिकवणारी बाई पूर्वी शाळेत कवायत घ्यायची. आवाज अजून मैदानावरचाच, पण बोलणं सरळ होतं. पहिल्याच दिवशी म्हणाली, "इथं चमत्कार होत नाहीत. हातानं काम करायचं आणि गप्प बसायला शिकायचं. ज्यांना याहून जास्त हवंय त्यांनी आत्ताच उठावं." कुणी उठलं नाही. सहा जण होते. त्यांत एक दातांचा डॉक्टर होता, तो सारखा सगळ्यांच्या तोंडाकडे बघायचा.

पहिल्या रविवारी लाकडाचं कडं घासलं, दुसऱ्या रविवारी त्याला तेल पाजलं. दिसायला तो ढोल म्हणजे मोठा डफच. कड्याच्या एका अंगाला कातडं आणि मागे कातडी पट्ट्यांची, म्हणजे वाद्यांची, जाळी, तीच धरायची मूठ. कडं घासताना तिच्या डोक्यात काहीच नसायचं. घरी परतताना पाय हलके व्हायचे, आणि जिना चढताना पुन्हा जड. वहिनी दार उघडून म्हणायची, "किती वाळली पुस्तकं?" ती म्हणायची, "अजून बरीच आहेत." खोट्याला पाय नसतात म्हणतात, पण त्याला पोट असतं. रोज काहीतरी खायला घालावं लागतं. पुस्तकांची नावं, साहेबाचा स्वभाव, तळघरातला पंप, सगळं तिनं रचलं. वहिनी मन लावून ऐकायची. एकदा तर म्हणाली, "ओल्यात उभं राहू नका हो, पायात जाडे मोजे घाला." आणि स्वतःचे काढून दिले.

तिसऱ्या रविवारी कातडं चढवायचं होतं. दोन दिवस पाण्यात भिजवलेलं बकऱ्याचं कातडं, पांढुरकं, गार, ओल्या चादरीसारखं जड. दाभणानं कडेला भोकं पाडायची, त्यांतून ओल्या वाद्या ओवायच्या, समोरासमोरच्या ओढून मध्ये बांधायच्या. हे तिच्या हातचंच काम. बाकीचे चुकत होते, ती दुसऱ्यांनाही मदत करत होती. बाई म्हणाली, "तुम्ही आधी कधी ढोल बांधलाय का?" तिला लहानपणी शाबासकी मिळायची तसं वाटलं.

फोन दारापाशी टोपलीत ठेवायचे, हा नियम होता. गाठ मारायच्या आधी प्रत्येकानं कातड्याला तोंड लावून आपल्याला काय हवंय ते पुटपुटायचं होतं. दातांचा डॉक्टर बराच वेळ पुटपुटला. तिची पाळी आली. तिनं ओठ टेकले आणि म्हणाली, "मला शांत व्हायचंय." त्याच वेळी टोपलीत कुठला तरी फोन घुरघुरत होता. सगळ्यांनी ऐकलं, कुणी उठलं नाही. तिनंही नाही.

चार वाजता टोपलीतून फोन काढला. घरून अकरा वेळा येऊन गेला होता.

बाबा खुर्चीतून घसरले होते. वहिनी दार लोटून पडली नव्हती, बाबांपाशीच होती. तिनं एकटीनं त्यांना काखेत धरून उचलायला घेतलं आणि दोघंही पडले. बाबा वर, वहिनी खाली. बाबांना खरचटलंसुद्धा नाही. वहिनीचं उजवं मनगट मोडलं. खालच्या मजल्यावरच्या निवृत्त पोस्टमननं आरडाओरडा ऐकला, बाबांना उचललं, बायकोला त्यांच्यापाशी बसवलं आणि वहिनीला दवाखान्यात नेलं.

ती तिथं पोचली तेव्हा वहिनी बाकावर प्लास्टर वाळायची वाट बघत बसली होती. तोंड पांढरं पडलेलं. हिला बघून म्हणाली, "ताई, सॉरी हं. कामात किती फोन केले तुम्हाला. साहेब ओरडला का?"

त्यापेक्षा तिनं एक ठेवून दिली असती तर चाललं असतं. "नाही ओरडला," ती म्हणाली. तोंडातून हेच निघालं.

ओला ढोल प्लास्टिकच्या पिशवीत होता. उघड्या हवेत, सावलीत चार दिवस वाळवा, असं बाईनं दहादा सांगितलं होतं. पण उघडी जागा घरात कुठून आणायची? तिनं पिशवीला गाठ मारली आणि बाबांच्या खोलीतल्या कपाटावर, जुन्या सुटकेसच्या मागे ढकलली. मग रजा टाकली आणि घराला जुंपली. बाबांचं, स्वयंपाकाचं, वहिनीची वेणी घालण्याचंसुद्धा. वहिनी संकोचून म्हणायची, "तुम्हालाच सगळं पडलं हो." आणि ती मान खाली घालून आणखी एक भांडं घासायला घ्यायची. स्वच्छ असलं तरी.

सहाव्या दिवशी वास सुटला.

"उंदीर मेलाय," वहिनी म्हणाली. शोध सुरू झाला. पलंग सरकवला, मोरीची जाळी काढली. पोस्टमन टॉर्च घेऊन आला आणि अनुभवी माणसासारखं म्हणाला, "घूस असणार. उंदराची एवढी मजल नाही." बाबांच्या अंथरुणावर संशय गेला. वहिनीनं एका हातानं चादर काढली, एका हातानं नवी घातली. बाबांना बोलता येत नव्हतं, पण त्यांना कळत सगळं होतं. आपल्यालाच वास येतोय असं या बायकांना वाटतंय, हे त्यांना कळलं आणि त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. ती दारात उभी राहून हे बघत होती. दोन दिवस बघत राहिली. कुणाचं लक्ष नसलं की पिशवी गुपचूप कचऱ्यात टाकू, असं ठरवत होती. पण हात मोडलेली वहिनी सदान्‌कदा त्याच खोलीत.

आठव्या दिवशी भाऊ आला. खुर्चीवर चढून, नाक दाबून त्यानं सुटकेस खाली ओढायला घेतली.

"थांब," ती म्हणाली. "उंदीर नाहीये. माझं आहे ते."

भावाला उतरवून तिनंच पिशवी खाली काढली, गाठ सोडली. कातड्यावर हिरवट बुरा, मध्ये बुळबुळीत डाग. भावानं दोन पावलं मागं घेतली. "हे काय? चाळण?"

"ढोल आहे. मी बांधला."

भाऊ हसायला लागला. वहिनी हसली नाही. ती ढोलाकडे बघत होती. कापडाची चूक बघावी तसं.

"कधी बांधलात?"

"रविवारी."

"त्या रविवारी?"

"हो."

"आणि आधीचे दोन?"

"तेही. तळघरात पाणी शिरलं नव्हतं, वहिनी. आमच्याकडे तळघरच नाही."

भावाचं हसू विरलं. वहिनी उठली, आपल्या खोलीत गेली आणि दार लोटलं. दिवस रविवारचा नव्हता.

मग नऊ दिवस घरात फक्त कामापुरतं बोलणं. 'गोळी दिली?' 'दिली.' भाऊ मध्ये पडू बघायचा, पण तो पुन्हा ट्रकवर गेला. तिनं तीनदा माफी मागितली. तिसऱ्यांदा वहिनी म्हणाली, "ताई, माफी पुरे आता. तुम्ही माफी मागता, मग मला द्यावी लागते. तेही माझंच काम?"

तिनं हातातलं भांडं खाली ठेवलं.

"मनगटाचा राग नाही माझा," वहिनी पुढे म्हणाली. "ते मोडायचंच होतं कधीतरी. तुम्ही घरी असतात तर तुमचं मोडलं असतं. पण मी मोजे दिले होते तुम्हाला. ते घालून तुम्ही तिकडं जाऊन बसलात. मला सांगितलं असतंत, 'वहिनी, जीव घुसमटतोय, दोन तास बाहेर जाऊन येते,' तर मी नाही म्हटलं असतं? आणि तुमचाच तेवढा घुसमटतो? मला कुणी विचारलंय कधी?"

बाबांविषयी त्या सकाळी मनात आलेलं वाक्य ती आजवर कुणाला बोलली नव्हती. ते तिनं त्या वेळी सांगून टाकलं. वहिनीनं मशीनच्या बंद झाकणावरून हात फिरवला. मग हळू आवाजात म्हणाली, "माझ्या तर महिन्यातून दोनदा येतं मनात. मी त्यासाठी ढोल नाही बांधला."

ढोल फेकून द्यायला म्हणून ती निघाली आणि सुतारखान्यापाशी पोचली. बाईला सगळं सांगितलं. वाटलं, बाई म्हणेल, तुमच्या मनातलं विष कातड्यात उतरलं. बाईनं वास घेतला आणि म्हणाली, "प्लास्टिकमध्ये ठेवल्यावर दुसरं काय होणार? वाद्या कापा, व्हिनेगरनं पुसा, पुन्हा भिजवा. डाग जाणार नाही. आवाज थोडा बसका येईल."

तिनं तो शनिवारी दुपारी घरातच बांधला, पुढच्या खोलीत, बाबांच्या खुर्चीसमोर. बाबा डोळे न हलवता तिच्या हातांकडे बघत होते. या वेळी ती कातड्यापाशी काही पुटपुटली नाही. मागायचं काय, तेच तिला कळेना. वहिनी दोनदा तिथून गेली. तिसऱ्यांदा थांबून म्हणाली, "खालची वादी सैल आहे." आणि निघून गेली. खरोखरच सैल होती.

प्लास्टर निघालं. मनगट जुळलं, पण थोडं आखडलं ते आखडलंच. बारीक शिलाई वहिनीला पूर्वीसारखी जमेना. आता संध्याकाळी काजं आणि तुरपाई ही करते. पुस्तकं शिवणारा हात, टाका सरळ पडतो. वहिनी तपासते आणि तीनातला एक उसवायला लावते. ती मुकाट्यानं उसवते. वहिनी बरणीचं झाकण डाव्या हातानं उघडायला लागली की हिचा टाका अजून चुकतो, आणि वहिनीला ते ठाऊक असल्यामुळे ती हल्ली बरणी घेऊन दुसऱ्या खोलीत जाते.

ढोल ती सकाळी गच्चीवर वाजवते, दहा मिनिटं. आवाज बसका, पण छातीपर्यंत पोचतो. शांत झाली का? नाही. पण बाबांची पाठ पुसताना मनात काय येईल याची तिला पूर्वीसारखी भीती वाटत नाही. एकदा तिनं तो बाबांपुढे वाजवून पाहिला. बाबांनी चांगला हात वर केला आणि गाडी थांबवायची खूण केली. तेव्हापासून गच्चीच.

गेल्या आठवड्यात बाईचा निरोप आला. रविवारी जुने सगळे जमणार होते. रात्रीची भांडी आवरताना तिनं विचारलं, "वहिनी, रविवारी मी जाऊ का? दहा ते चार."

वहिनीनं ताटं पुसून जागेवर ठेवली, मग फडकं वाळत घातलं.

"नको," ती म्हणाली. "या रविवारी मी जाणार आहे."

"कुठं?"

"अजून ठरवलं नाही."

"बरं," ती म्हणाली आणि बाईला येत नसल्याचं कळवून टाकलं.