चित्राकडे पाठ

जर्मनीत, उंटरश्लाइसहाइमच्या आमच्या घरी आई, म्हणजे माझ्या सासूबाई, राहायला आल्या की जेवणाच्या टेबलाशी भिंतीकडे पाठ करूनच बसायच्या. भिंतीवर एका फ्रेंच चित्राची छापील प्रत होती: कापणी झालेल्या शेतात तीन बाया वाकून गव्हाच्या ओंब्या वेचताहेत. माझ्या नवऱ्यानं, महेशनं, ती हौसेनं आणली होती. "इथून दार दिसतं. आल्यागेल्याला पाणी विचारता येतं," असं कारण आई द्यायच्या.

बाई तोऱ्याच्या. खालच्या मजल्यावरच्या जर्मन आजींशी खुशाल मराठीत बोलायच्या. मी ऑफिसच्या फोनवर फार नमतं घेतलं की म्हणायच्या, "मान खाली घातली की जग मानगुटीवर बसतं."

एका दुपारी माझी लेक ईरा शाळेसाठी त्या चित्राची नक्कल काढत होती. मटार सोलता सोलता आई एकदम म्हणाल्या, "बायांची तोंडं नीट दाखवली नाहीत त्यानं. बरं केलं. आम्हीही पदर नाकापर्यंत ओढायचो."

सासरे लवकर गेले. महेश लहान असताना आई परगावच्या शेतांत सरवा वेचायला जायच्या. मालकानं पीक नेलं की खाली पडलेलं गोरगरिबांनी न्यायचं, अशी रीत होती. महेशला मात्र त्यांनी सांगितलं होतं, की हे मामाच्या शेतातल्या आपल्या वाट्याचं धान्य. "त्याला कळू देऊ नकोस गं. वाट्याचं खातोय म्हणून ताठ चालायचा तो." ईरासमोर त्या बिनदिक्कत बोलल्या. नात नेहमी जर्मनमध्येच उत्तर द्यायची, तेव्हा तिला मराठी कळत नाही अशी त्यांची खात्रीच होती.

कळत सगळं होतं. जेवताना ईरानं बापाला मोठ्या अभिमानानं जर्मनमध्ये सांगून टाकलं, की आजीनंही हेच केलंय. सरव्याला तिच्याकडे जर्मन शब्द नव्हता, म्हणून तेवढा मराठीत आला, आणि आईंना तेवढाच कळला. त्यांचा घास हातातच राहिला. पोटच्या मुलासमोर त्यांनी पदर नाकापर्यंत ओढला. महेश खाली बघून जेवत राहिला.

सकाळी भिंत रिकामी होती. आईंना त्रास नको म्हणून महेशनं चित्र खाली केलरमध्ये, तळघरात, नेऊन ठेवलं होतं. शनिवारी त्याच्या ऑफिसातली माणसं जेवायला यायची होती. ईरा त्यांच्यासमोर काही बोलायला नको, म्हणून मला हायसं वाटलं. त्या हायसं वाटण्याची लाज अजून जात नाही.

आई चहाचा कप घेऊन उघड्या खिळ्याकडे बघत राहिल्या.

"इतकी वर्षं लाज माझ्या एकटीची होती रे," त्या महेशला म्हणाल्या. "आता तुलाही वाटायला लागली."

त्यानं त्याच दिवशी चित्र परत लावलं. पण गावी परतल्यावर आई पुन्हा आल्या नाहीत. त्याच हिवाळ्यात तिथंच वारल्या.

आता त्यांच्या खुर्चीवर महेश बसतो, चित्राकडे पाठ करून.