निळा मंगळ

दगडोबा हे नाव त्यांना मेव्हण्याने दिलं. "लोक निवृत्त झाले की पत्ते कुटतात. आमचे भाऊजी दगड बघतात, आणि तेही मंगळावरचे! दगडापेक्षा वीट मऊ म्हणतात, पण ताईच्या नशिबी वीटसुद्धा नाही," असं तो चारचौघांत म्हणाला. मेव्हण्याच्या जिभेला हाड नव्हतं. नाव मात्र असं चिकटलं की पुढे खुद्द दगडोबांनाही ते आवडायला लागलं.

जन्मभर ते छापखान्यात होते. रंगीत छपाईत चार रंग एकावर एक नेमके बसवावे लागतात. एखादा रंग केसभर सरकला तरी चित्रातल्या माणसाला दोन नाकं फुटतात. ते सरकणं भिंगातून पकडायचं, हे दगडोबांचं काम. त्यामुळे नजर तयार झाली होती आणि नजरेबरोबर ताठाही आला होता. निवृत्तीनंतर ही नजर कुठे खर्ची घालावी ते कळेना, तेवढ्यात वाचनालयाच्या फलकावर त्यांना मंगळमंडळाचा कागद दिसला.

मंगळमंडळ म्हणजे आठ-दहा हौशी माणसं. मंगळावर फिरणारी गाडी फोटो पाठवते आणि ते कोणालाही बघता येतात. रविवारी ही मंडळी कोणाच्या तरी घरी जमायची आणि अमुक दगड वाऱ्याने झिजलाय की पाण्याने, यावरून हातघाईवर यायची. शिवाय दगडांना नावं ठेवायची, म्हणजे चांगल्या अर्थाने: मोडका बूट, उशी, रुसलेली आत्या.

त्या गाडीला माणसासारखेच दोन डोळे आहेत, म्हणजे दोन कॅमेरे. डाव्या कॅमेऱ्याचा फोटो लाल करायचा, उजव्याचा निळा, आणि एकावर एक ठेवायचे. मग कागदी चष्मा लावायचा, डावी काच लाल, उजवी निळी. दगड पडद्यातून उठून पुढ्यात येतो. फक्त डाव्या-उजव्याची अदलाबदल होता कामा नये. झाली की दगडाच्या जागी खड्डा दिसतो आणि खड्ड्याच्या जागी दगड. म्हणून मंडळात कोणी उफराटं बोललं की "चष्मा उलटा घातलास काय?" हा टोमणा ठरलेला.

दगडोबांच्या बायकोला मंडळातले सगळे वहिनी म्हणत. आपणही तेच म्हणू. दगडोबांनी पहिल्यांदा मोठ्या हौसेने त्यांच्या नाकावर तो कागदी चष्मा चढवला, तेव्हा वहिनी बराच वेळ पडद्याकडे बघत राहिल्या.

"दिसलं?"

"दिसतंय की. निळं निळं. सपाट."

"सपाट? अगं, दगड हाताला लागेल इतका वर आलाय!"

"मला नाही बाई तसं दिसत."

"बघायला नजर लागते," दगडोबा म्हणाले. त्यांनी चष्मा काढून घेतला आणि पुढच्या रविवारी ही गंमत मंडळात तिखटमीठ लावून सांगितली. "सगळ्या जगाचा मंगळ लाल, आमच्या घरचा निळा!" हशा पिकला. त्यानंतरही दोन-तीनदा त्यांनी प्रयत्न केला. प्रत्येक वेळी निळं आणि सपाट. प्रत्येक वेळी दगडोबांचा पारा चढला.

आणि मग एके दिवशी वहिनी म्हणाल्या, "अगंबाई, हो की! केवढा वर आलाय!"

दगडोबांना कोण आनंद झाला! त्या दिवशी चहा त्यांनी केला. पुढे रोज संध्याकाळी दोघं शेजारी बसून दगड बघू लागले. वहिनी अचूक जागी "अगंबाई" म्हणायच्या. एरवी मात्र त्यांचं काही ना काही चुकायचं. चहा कपाशेजारी ओतला जायचा, डावा खांदा दाराच्या चौकटीवर आपटायचा. "लक्ष कुठे असतं तुझं?" असं दगडोबा विचारायचे आणि उत्तराची वाट न बघता पुन्हा पडद्याकडे वळायचे.

मग मंडळ त्यांच्या घरी जमायचा रविवार आला. बैठकीच्या खोलीत खुर्च्या मांडल्या, पडदे ओढले. गाडीने त्याच आठवड्यात एका घुमटासारख्या दगडाचे फोटो पाठवले होते. दगडोबांनी ते घाईघाईत एकावर एक बसवले होते. वहिनींची तयार झालेली नजर सगळ्यांना दाखवायची, याच धुंदीत ते होते. "आधी आमच्या घरच्या तज्ज्ञ बोलतील," म्हणत त्यांनी वहिनींना पुढे बसवलं.

"केवढा वर आलाय दगड!" वहिनी म्हणाल्या.

मंडळातले औषधांचे दुकानदार फस्सकन हसले. "वर कुठे? खड्डा आहे हो! दगडोबा, डावा-उजवा बदललात तुम्ही!"

दगडोबांनी चष्मा लावून पाहिलं. खरंच, घुमट आत गेला होता, खळगा झाला होता. छापखान्यात उभ्या आयुष्यात जी चूक झाली नाही ती आज, भर मंडळात. ते ओशाळे होऊन हसले आणि फोटो बदलायला लागले. ज्याला त्याला त्यांची चूक दिसली. फक्त मंडळातल्या एक, भूगोल शिकवणाऱ्या बाई, हसल्या नाहीत. शाळेत मुलं घोकलेलं उत्तर म्हणतात तेव्हा कसं दिसतं, हे त्यांना ठाऊक होतं.

त्या वहिनींजवळ जाऊन हळूच म्हणाल्या, "वहिनी, उजवा डोळा हाताने झाका बरं. आता मी कुठे आहे?"

वहिनींनी डोळा झाकला. बाई त्यांच्या अगदी समोर उभ्या होत्या. वहिनींनी मान इकडे वळवली, तिकडे वळवली.

"इथेच असाल," त्या म्हणाल्या.

काचबिंदू. डोळ्यांच्या डॉक्टरांनी शब्द साधेच वापरले. दुखत नाही, खुपत नाही, कडेकडेने नजर खात जातो. डावा डोळा गेला. गेलेली नजर परत येत नाही. उजव्यालाही सुरुवात झाली आहे, तो थेंब घालून जपायचा.

"आधी आलो असतो तर?" दगडोबांनी विचारलं.

"कधी आधी?"

"हिला... सपाट दिसायला लागलं तेव्हा."

डॉक्टर म्हणाले, "तेव्हाही पूर्ण वाचला नसता. पण दार, माणूस, एवढं दिसत राहिलं असतं."

दगडोबांना जे छळत होतं ते डॉक्टरांना सांगण्यासारखं नव्हतं. चष्मा उलटा घातला तर दगड उलटा दिसतो, सपाट दिसत नाही. सपाट आणि निळं दिसायचं तर एकच कारण: निळ्या काचेमागचा डोळा तेवढा बघतोय, लाल काचेमागचा बघत नाही. हे मंडळातलं शेंबडं पोरही सांगेल. त्यांनी स्वतः ते नव्या सभासदांना कितीदा शिकवलं होतं. वहिनी आपला आजार स्वच्छ शब्दांत सांगत होत्या आणि यांनी त्याचा विनोद करून गावभर वाटला. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

घरी आल्यावर दुपारी दोघं खिडकीपाशी बसले.

"दिसत नव्हतं, तर दिसतं का म्हणालीस?"

"सपाट म्हटलं की तुम्ही चिडायचात. वर आलाय म्हटलं की शेजारी बसवून घ्यायचात." वहिनी पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. "आणि मला वाटायचं, आपल्यालाच अक्कल नाही. तुम्ही म्हणायचात ना, बघायला नजर लागते."

दगडोबांना म्हणायचं होतं, चुकलं माझं. त्याआधीच डोळे भरून आले आणि वाहायला लागले. ते वहिनींच्या डावीकडे बसले होते. तिथून वहिनींना काहीच दिसत नव्हतं. त्या आपल्या समोर बघत, रात्रीचे थेंब किती वाजता घालायचे ते विचारत होत्या.

कितीही रडलं तरी कळणार नाही अशी ती जागा होती. दगडोबा उठले, खुर्ची ओढत उजवीकडे आणली आणि तोंड न पुसता तिथे बसले.