काकूंचा उखाणा आणि साहेबांची सही

मी तेव्हा हिंदी मुलखात, आमच्या शहरातल्या शाहपुरा भागात एका छोट्या संस्थेत काम करायचे. एचआयव्ही आणि हिपॅटायटिसच्या पेशंटना औषधं मिळवून द्यायची, त्यासाठी भांडायचं आणि बाकीच्यांना शहाणं करायचं, हे आमचं काम. भांडायचं खातं आपसूकच माझ्याकडे आलं, कारण राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर. नवरा कारखान्यात इंजिनिअर, म्हणून राहायला टाउनशिपमधलं क्वार्टर, आणि अख्ख्या टाउनशिपमध्ये माझी ओळख 'ती एड्सवाली वहिनी'. कुणाच्या वाढदिवसाला गेले तरी केक कापायच्या आधी एक जण हळूच विचारायचा, मच्छर चावल्याने होतं का हो? नाही होत, मी सांगायचे, आणि केकचा मोठा तुकडा वसूल करायचे.

आमच्या वरच्या मजल्यावर काकू राहायच्या. काका कारखान्यात टेक्निशियन, अतिशय गप्प माणूस. काकू मात्र धबधबा. आमच्या मराठी मंडळात दोन गोष्टी त्यांच्याशिवाय व्हायच्या नाहीत, तिळाचे लाडू आणि उखाणे. कुणाचं बारसं असो की डोहाळजेवण, काकूंना नुसतं म्हणायची खोटी, की चार ओळींचा ताजा उखाणा तयार. काकांनी मात्र जन्मात एकदाही नाव घेतलं नव्हतं. लग्नात घास भरवताना सगळे नाव घ्या, नाव घ्या करत होते, आणि या बाबाने नुसती जिलबी तोंडात कोंबली, असं काकू दर समारंभात सांगायच्या. काका तेव्हा छताकडे बघायचे.

तर कारखान्याच्या रक्तदान शिबिरात काकू हौसेने रक्त द्यायला गेल्या आणि तिथून बोलावणं आलं. हिपॅटायटिस सी. मोठी तपासणी केली, तर पक्कंच निघालं. बाळंतपणात कधीकाळी रक्त चढवलं होतं, बहुधा त्यातूनच आलं असणार. लिव्हरला इजा व्हायला सुरुवात झाली होती. आनंदाची गोष्ट एवढीच, की हा आजार गोळ्यांनी पार बरा होतो. तीन महिने रोज गोळी, बस. पण घोडं पेंड खात होतं ते कंपनीच्या दवाखान्यात. गोळ्या तिथे नव्हत्या आणि बाहेरून मागवायच्या तर मोठ्या डॉक्टरसाहेबांची सही हवी. साहेब म्हणायचे, देखते हैं. मी जाऊन भांडले. साहेबांनी मला चहा पाजला आणि म्हणाले, देखते हैं. पुन्हा भांडले, तर चहाबरोबर बिस्किटंही आली. महिने चालले होते, लिव्हर काही साहेबांची वाट बघत थांबणार नव्हतं, आणि माझी नुसती चिडचिड.

काकूंची एकच अट होती. टाउनशिपमध्ये कुणाला कळता कामा नये. "माझे लाडू कुणी तोंडात घालणार नाही गं," म्हणाल्या. लाडवातून हा आजार पसरत नाही, हे मी त्यांना शंभरदा सांगितलं. त्या म्हणाल्या, हे तुला माहीत आहे, मला माहीत आहे, त्यांना कोण सांगणार?

मी सांगणार, असं मी ठरवलं. टाउनशिपमध्ये साहेबांच्या टेबलाकडे जायचा खरा रस्ता साहेबांच्या स्वयंपाकघरातून जातो, हे इथे सगळ्यांना ठाऊक. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आम्ही डॉक्टरसाहेबांच्या मॅडमना प्रमुख पाहुण्या म्हणून बोलावलं. मॅडम लखनौच्या, मराठी शून्य, पण हौस दांडगी. वाण म्हणून मी संस्थेकडून गोळ्या ठेवायच्या डब्या आणल्या, आठवड्याच्या सात वारांचे सात कप्पे असलेल्या. त्यावरून औषध वेळेवर घेण्याचा विषय निघेल, असा माझा हुशार बेत.

बेत कसला, फजिती. डब्या बघून बायका हरखल्या. एकीने तिथेच ठरवलं की मोहरी, जिरं, हळद असं भरायचं. दुसरीने टिकल्या आणि सेफ्टी पिना कप्प्यांत लावून दाखवल्या. मी माईक घेऊन सांगतेय की एचआयव्ही काय, हिपॅटायटिस सी काय, एका ताटात जेवल्याने, हात धरल्याने होत नाही, रक्तातून होतं, सुई आणि वस्तरा दुसऱ्याचा वापरू नका; आणि समोर सोनागिरीच्या दुकानातल्या साडीच्या किनारीवर चर्चासत्र. सगळ्यात मोठा आवाज आमच्या शेजारच्या वहिनींचा. यांच्या जिभेला हाड नाही. मनात म्हटलं, पालथ्या घड्यावर पाणी, आणि माईक आपटून खाली बसले.

मग लाडू वाटले आणि उखाणे सुरू झाले. एकेक जण लाजत-मुरडत नाव घेत होती, मॅडम काही न कळता टाळ्या पिटत होत्या. काकूंची पाळी आली. उभ्या राहिल्या, पदर खोचला, माझ्याकडे एकदा बघितलं.

"तिळात मिसळला गूळ, पाकाला आली तार,
हिपॅटायटिस सी निघाला मला, औषध मिळेना यार.
साहेबांच्या सहीसाठी झिजवतेय त्यांचं दार,
…रावांसोबत अजून मला करायचाय संसार."

'यार'ला दोघी-तिघी सवयीने हसल्या आणि हसता हसता थांबल्या. सगळ्यांच्या हातात काकूंचेच लाडू. कुणाचा अर्धा खाल्लेला, कुणाचा अजून अख्खा. काकू तशाच उभ्या, आणि मी देवाला म्हणतेय, आता कुणी लाडू खाली ठेवला तर मी काय करू?

तेवढ्यात कडाकडा आवाज आला. शेजारच्या वहिनी लाडू चावत होत्या. तोंड भरलेलं असतानाच म्हणाल्या, "बघताय काय सगळ्या? लाडवाने होत नाही. आत्ता हिने एवढं डोकं खाल्लं ना आपलं!" म्हणजे ही बया साडीही बघत होती आणि ऐकतही होती. मला तिथल्या तिथे त्यांचा मुका घ्यावासा वाटला. मग जिकडेतिकडे कडाकडा. दात नसलेल्या एक आजी होत्या, त्यांनीही लाडू चघळायला घेतला. काकू रडत होत्या आणि ताट घेऊन फिरत होत्या, घे गं अजून एक, घे.

मॅडम बावरून मला विचारायला लागल्या, क्या हुआ, क्या बोलीं? मी चारी ओळी हिंदीत सांगितल्या, तिसरी जरा सावकाश. मॅडमचा चेहरा लाल झाला. मला वाटलं, आता उठून जातात. पण बायकांना भलतंच सुचलं. पाहुण्यांचा उखाणा राहिला म्हणून त्यांनी गलका केला. आमच्याकडे नवऱ्याचं नाव घेत नाहीत, मॅडम म्हणाल्या. आमच्याकडे घेतल्याशिवाय सोडत नाहीत, वहिनी म्हणाल्या. शेवटी मॅडमनी डोक्यावर पदर ओढला.

"तिल-गुड़ खाया, मीठा बोला, अब सुन लो मेरी बात,
…जी कल दस्तख़त करेंगे, वरना न दाल, न भात."

हॉल डोक्यावर घेतला आम्ही. मॅडम स्वतःच एवढ्या खूश झाल्या की परत एकदा म्हणून दाखवला.

सकाळपर्यंत ही बातमी टाउनशिपबाहेरच्या अयोध्या नगर वस्तीपर्यंत पोचली होती. साहेब फिरायला निघाले तर दूधवाल्याने विचारलं, साब, आज दाल मिली? गेटवरच्या गार्डने सलाम ठोकून तेच विचारलं. दुपारी दवाखान्यातून काकूंना निरोप आला की सही झाली. बिचाऱ्या साहेबांनी त्यानंतर मला कधी चहा विचारला नाही.

माझ्या डब्या टाउनशिपभर मोहरी-जिऱ्याने भरल्या. खऱ्या कामाला एकच लागली, काकूंची. रोज सकाळी काका त्यातून गोळी काढून हातावर ठेवायचे आणि ती गिळेपर्यंत समोरून हलायचे नाहीत. गोळ्या संपल्या. मग आणखी तीन महिने थांबून शेवटची तपासणी करायची होती. तेवढ्या काळात काकूंनी एकही उखाणा केला नाही.

रिपोर्ट घ्यायला आम्ही तिघं गेलो. लॅबच्या खिडकीतून काकांनी कागद घेतला, वाचला, माझ्याकडे दिला आणि बाहेर चालते झाले. विषाणू सापडला नाही, असं लिहिलं होतं. मी काकूंना मिठी मारली, त्या म्हणाल्या, नीट वाच गं, नीट वाच. बाहेर आलो तर काका पोहे-जिलबीच्या ठेल्यावरून कागदात जिलबी घेऊन येत होते. भर रस्त्यात काकूंसमोर उभे राहिले, जिलबीचा तुकडा तोडला, घसा साफ केला. ठेलेवालासुद्धा झारा थांबवून बघत होता.

"कागदावर लिहिलंय, विषाणू नाही,
…चं नाव घेतो, आता मला भीती नाही."

काकू म्हणाल्या, "अहो, नाहीला नाही जोडून उखाणा होत नाही," आणि तोंड उघडलं.